पुरं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या बस थांब्यावर माझा फोटो वर्षभर लटकत होता. बी.एस्सी.ला मी कॉलेजात पहिली आले तेव्हा गावातल्या मंडळींनी तो डिजिटल बोर्ड, म्हणजे छापील फ्लेक्स, लावला. वर ‘गावची कन्या, गावाचा अभिमान’, खाली हात जोडलेले नऊ पुढारी, आणि मधोमध ओढणी नीट करायला वेळ न मिळालेली मी. खोटं कशाला सांगू, मला तो बोर्ड आवडला होता. सीमाभागातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव लहान, आणि आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आईची शाळा तिसरीत सुटली. आप्पा, म्हणजे माझे वडील, शहरातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत वाळूचे साचे भरायच्या कामावर. आठवडाभर तिथंच अनगोळात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. त्यांची मुलगी एम.एस्सी.ला विद्यापीठात गेली, हे ते बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. मी बसमधून उतरताना मान वर करून बोर्डाकडे बघायची, आणि मग ताठ मानेनं घरापर्यंत चालायची.

विद्यापीठात गेल्यावर काय बिघडलं ते मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. एकच मोठी गोष्ट घडली असं काही झालं नाही. आधी झोप गेली. मग भूक गेली. प्रयोगशाळेत नळीत द्रावण ओतताना हात थरथरायला लागला, म्हणून मी मागच्या टेबलावर उभी राहू लागले. वर्गात सर काय बोलतायत ते कानावर पडायचं, पण आत जायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीपासून तर सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, कशाला उघडले? सकाळच झाली नसती तर बरं झालं असतं. हा विचार मी कुणालाही सांगितला नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि मी दोन पेपरांत नापास झाले. तेही सांगितलं नाही. आप्पा दर रविवारी फोनवर विचारत, “अभ्यास कसा चाललाय गं?” आणि मी म्हणायची, “बरा चाललाय.” देवापुढं हात जोडायचंही सोडून दिलं होतं. देवावर रुसले होते असं नाही. तिकडं कुणी ऐकतंय असंच वाटेनासं झालं होतं.

उन्हाळा लागायच्या सुमारास गावी गेले तेव्हा बसमधून एक थांबा आधीच उतरले आणि शेतातून घरी आले, कारण थांब्यावर बोर्ड होता. आईनं मला दारात बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. “काय झालंय गं तुला? निम्मी झालीस की.” मी म्हटलं, मेसचं जेवण बरोबर नाही. आईनं ऐकून घेतलं, पण तिचं आधीच ठरलं होतं. “त्या बोर्डानं घात केला,” ती म्हणाली. “येता जाता सारं गाव बघतंय. कुणाची नजर कशी असती काय सांगावं? रवळनाथाला कौल लावायचा.” मी नको म्हणाले. पण नको म्हणायलासुद्धा जोर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. सोमवारी दुपारी मी आईच्या मागून देवळात गेले.

आमच्याकडं कौल लावायची रीत अशी आहे. आधी गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण मोठ्यानं बोलून देवापुढं मांडतो. मग ओल्या केलेल्या दोन कळ्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी रसायनशास्त्र शिकलेली पोर. पाणी सुकलं की कळी पडते, एवढं मला कळत होतं. मी खांबाला टेकून बसले आणि हे लवकर आटपू दे म्हणून वाट बघत राहिले.

गुरवमामांनी सूर लावला, “बा रवळनाथा, ही तुझी लेकरं पायाशी आल्यात. पोरीला कुणाची नजर बाधली असंल तर तसा उजवा दे म्हाराजा.” आई हात जोडून “व्हय म्हाराजा” म्हणाली. कळ्या लावल्या. पाव तास झाला, अर्धा तास झाला. एकही पडेना. मामांनी त्या काढून पुन्हा नव्या लावल्या, गाऱ्हाणं पुन्हा घातलं. आणखी अर्धा तास गेला. उकाडा असा की गाभाऱ्यातला दगडसुद्धा सुकला असता, पण कळ्या चिकटून होत्या.

“आक्का, देव गप हाय,” मामा आईला म्हणाले. “गाऱ्हाणं चुकलं असलं की असा गप ऱ्हातोय.”

“चुकलं म्हंजे? माझं काय खोटं हाय व्हय?”

“तुझं खोटं न्हाय गं. पर गाऱ्हाणं तुझं न्हवंच. पोरीचं हाय. तिच्या तोंडातनं यायला पायजे.” मग त्यांनी घागर आईच्या हातात दिली आणि नळावरून पाणी आणायला सांगितलं. आई कुरकुरत गेली.

आता हे मला विचारणार, खोदून खोदून विचारणार, म्हणून मी अंग चोरून बसले. मामा माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “काय असंल ते मला सांगू नगंस.”

मी वर बघितलं.

“मी सांजच्याला डेअरीत दूध मापतोय. सारं गाव रांगेत हुभं असतंय. माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय. बायको म्हणती, तुमाला सांगितलं म्हंजे दवंडीच पिटली. तवा जिथं ऱ्हाईल तिथं सांग. पर पुरं सांग बग. निम्मं सांगून उठू नगंस. ह्या कळ्या मी काढत न्हाय. पूजेला पानी घालीन, पर खांद्यावर घालायचा न्हाय.”

इतका खरा माणूस मला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता. स्वतःची खोड त्यानं माझ्यासमोर अशी उघड केली की मला माझीच लाज वाटली. मी मात्र आईला मेसचं जेवण सांगत होते. आई पाणी घेऊन आली, आम्ही तीर्थ घेतलं आणि घरी आलो. वाटेत आई दोनदा म्हणाली, “काय म्हणाले गं मामा?” मी म्हटलं, “काही नाही.”

विद्यापीठात वाचनालयाच्या जिन्याखाली समुपदेशन केंद्राची खोली होती. दारावर पाटी होती आणि वारांची चिठ्ठी होती, मंगळवार आणि शुक्रवार. पोरं त्या खोलीला ‘येड्यांचं ऑफिस’ म्हणायची. वर्गात कुणी गप बसलं की मागून हाक यायची, “काय रं, जिन्याखाली जाऊन आलास काय?” मीसुद्धा त्यावर हसले होते. आता मामांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. जिथं ऱ्हाईल तिथं सांग. म्हणून मी एक पळवाट काढली, आणि ती फार विचार करून काढली. मी त्याच आठवड्यात, गुरुवारी गेले. गुरुवारी खोली बंद असते. दाराला कुलूप दिसलं की परत फिरायचं, आणि देवाला सांगायचं, बघ, मी गेले होते, कुलूप होतं, आता माझा दोष नाही. त्याच्या पुढं काय करायचं तेही मनात कुठंतरी ठरत आलं होतं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, त्या दिवशी मी हॉस्टेलच्या खोलीत वह्या-पुस्तकं नीट रचून ठेवून आले होते, जशी कुणी परत येणार नसलं की ठेवतात.

दार उघडं होतं.

आत समुपदेशक मॅडम डबा उघडून भाकरी खात होत्या. माझ्याकडं बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, “बा, कूतको.” ये, बस. मी म्हटलं, “आज गुरुवार ना?” त्या म्हणाल्या, “उद्या सुट्टी दिलीय, म्हणून आज आले. तू काय समजून आलीस?” मी बसले.

माझं कन्नड चांगलं आहे, मला त्याचा अभिमान आहे. त्या चांगल्या कन्नडमध्ये मी सांगितलं, डोकं दुखतं, झोप लागत नाही. मॅडमनी घास खाली ठेवला आणि विचारलं, “आणि?” मी म्हटलं, “बाकी काही नाही.” मी उठले. दारापर्यंत गेले. आणि तिथं मला ती मूर्ती दिसली, दोन्ही खांद्यांवर कळ्या घेऊन ताटकळत उभी असलेली. कुणी हसेल तर हसो. देवाला मी तसा अडकवून ठेवलाय असं मला वाटलं. निम्मं सांगून उठू नगंस. मी परत येऊन बसले.

“मॅडम, इथं सांगितलेलं कुठं जातं?”

त्यांनी सरळ सांगितलं. घरी जात नाही, विभागात जात नाही, मैत्रिणींना कळत नाही. एकच अपवाद. तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर तुझ्या एका माणसाला बोलवावं लागेल, पण ते कुणाला, हे आधी तुला विचारूनच. मामांनंतर हे दुसरं माणूस, जे आपल्या पोटात काय राहील आणि काय राहणार नाही ते आधी सांगत होतं. मी विचारलं, “मराठीत सांगितलं तर चालेल?” त्या पहिल्यांदा हसल्या. “सांग की. मी संकेश्वरची. आमच्या बाजारात निम्मं ह्या भाषेत, निम्मं त्या भाषेत चालतं. उत्तर मात्र मी कन्नडमध्ये देईन हां, माझं मराठी ऐकून तू रडायची थांबून हसायला लागशील.” मी तोवर रडायला लागले होते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

मग मी सगळं सांगितलं. बोर्ड, नापास, थरथरणारा हात, रविवारचे फोन, एक थांबा आधी उतरणं. मध्येच मॅडमनी विचारलं, “जीव द्यायचा विचार येतो का?” इतका सरळ प्रश्न मला कुणी केला नव्हता. त्या शब्दाला सगळे घाबरतात, आणि आपण तो एकटेच आत घेऊन फिरतो. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “व्हय.” आणि ते ‘व्हय’ माझ्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हा, काय सांगू, छातीवरची कुणीतरी फळी काढावी तसा श्वास मोकळा झाला. मॅडम दचकल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “आज तुला एकटीला सोडायची नाही. माणूस निवड.” मी आप्पांना निवडलं.

आप्पा कामावरून तसेच आले. अंगावर फौंड्रीची काळी वाळू, केसांत धूळ. खुर्ची मळेल म्हणून कडेला टेकून बसले. मॅडम त्यांना म्हणाल्या, तुमच्या मुलीला काही सांगायचंय, पुरं होईपर्यंत ऐका.

“आप्पा, मी दोन पेपरांत नापास झाले. तुम्हाला खोटं सांगत होते.”

“आनि?” आप्पा म्हणाले.

“आणि मला जगावंसं वाटत नव्हतं.”

ते हातावरची वाळू चोळायला लागले. “कवापासनं?”

“दिवाळीपासनं.”

“दिवाळीला करंज्या करत हुतीस की गं.” आप्पा म्हणाले. “मला पहिली करंजी दिलीस. तवापन?”

“तवापन.”

आप्पांनी डोळे पुसले आणि वाळूचा काळा पट्टा कानापर्यंत ओढला गेला. मी बोर्डाचं सांगितलं, गावाला तोंड कसं दाखवू ते सांगितलं. त्यावर ते एकदम तापले. “बोर्डाचं काय घेऊन बसलीस? त्या बोर्डावर तुझ्यापेक्षा सोसायटीच्या चेअरमनचा फोटू मोठा हाय! त्यो दहावीला तीनदा बसलाय. त्येला लाज वाटंना, आनि तू?” मॅडमना हसू आवरेना. मग मलाही. किती महिन्यांनी हसले, आणि तेही नाक गळत असताना.

त्या दिवशी मॅडमनी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, “तू समजतेस की नापास झालीस म्हणून हे झालं. दिवस बघ. हे दिवाळीपासून आहे, निकाल नंतरचा. हे झालं म्हणून तू नापास झालीस. हा आजार आहे, आणि ह्याला उपाय आहे.” म्हणजे माझं मनातल्या मनात चाललेलं गाऱ्हाणंसुद्धा चुकीचंच होतं. मीही नजर लागल्याचंच रडत होते, फक्त ती नजर माझी स्वतःची होती.

पुढचं सगळं चमत्कारासारखं झालं नाही. आप्पा मला अनगोळच्या खोलीवर घेऊन गेले. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिले पंधरा दिवस तर काहीच फरक नव्हता, नुसती पेंग यायची. आप्पा कामावर जाताना घरमालकीणबाईंना बजावून जात, “आमच्या पोरीला जरा हाका मारत ऱ्हावा,” आणि ती बाई दर तासाला येऊन मला भाजी निवडायला बसवायची. दर शुक्रवारी मी जिन्याखाली जायची. पहिल्यांदा इकडंतिकडं बघून, मग सरळ. एकदा मागून कुणीतरी ओरडलं, “ऑफिसला चाललीस काय गं?” मी मागं वळून म्हटलं, “व्हय. तुझं काही काम आहे का तिथं?” पुन्हा कुणी ओरडलं नाही. त्यातलाच एकजण नंतर हळूच विचारून गेला, मॅडम कधी असतात.

सगळ्यात अवघड आई होती. सगळं कळल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “त्या बाईला सांगितलंस. मला न्हाय.” तिचं दुःख मला कळत होतं. मी म्हटलं, “आई, तुला सांगायचा धीर यावा म्हणूनच तिला आधी सांगितलं.” दुसऱ्या दिवशी सकाळी आई आप्पांना घेऊन थांब्यावर गेली आणि बोर्ड उतरवून आणला. परसात सरपणाचा ढीग होता, त्यावर टाकला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. त्या पावसाळ्यात आमचं सरपण माझ्या फोटोखाली कोरडं राहिलं. चुलीसाठी लाकूड काढताना आई माझा चेहरा जरा बाजूला सारायची.

मी ते दोन पेपर दिले. एकात पास झाले, दुसऱ्यात पुन्हा राहिले. तो तिसऱ्यांदा दिला. एम.एस्सी.ला मी पहिली आले नाही, पहिल्या दहा-बारा जणांतसुद्धा आले नाही. पास झाले. गावातली मंडळी आली होती नवा बोर्ड लावायचा म्हणून. मी हात जोडून सांगितलं, लावायचाच असेल तर त्यावर ‘तिसऱ्या खेपेला पास’ असंही छापा. त्यांनी लावला नाही. पण माझी मान त्या दिवशी जितकी ताठ होती तितकी पहिल्या बोर्डाच्या वेळीही नव्हती.

आता मी निपाणीजवळच्या एका कॉलेजात शिकवते. पोरी प्रयोगवही घेऊन येतात, टेबलापाशी रेंगाळतात. “मॅडम, डोकं दुखतंय.” मी वही मिटते आणि विचारते, “आणि?” काही सांगतात, काही सांगत नाहीत. न सांगणारीला मी म्हणते, माझ्यापाशीच सांग असं नाही, पण जिथं राहील तिथं सांग, आणि पुरं सांग. मग तिला समुपदेशकांच्या दारापर्यंत सोडते आणि बाहेरच्या बाकावर बसते. त्या बाकावर बसून मी देवाचं नाव घेते. आधी मला वाटायचं शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, आणि मान खाली घालायचा मला पहिल्यापासून कंटाळा. आता वाटतं, शरण जाणं म्हणजे मागं काही न ठेवणं. लपवलेलं घेऊन कितीही वाकलं तरी ते वाकणं निम्मंच.

एक गोष्ट मात्र मी कित्येक वर्षं कुणाला विचारली नव्हती. धीर होत नव्हता. गेल्या सुट्टीत आईबरोबर देवळात गेले तेव्हा विचारलं, “मामा, त्या कळ्या पडल्या का हो?”

“कुठल्या गं?” मामांनी डोकं खाजवलं. “हां हां, तुझ्या व्हय. पडल्या की. तू गेल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी.”

“आधी कुठली पडली? उजवी का डावी?”

दुधात पाणी घालून आणणाऱ्या शेतकऱ्याकडं बघावं तसं मामांनी माझ्याकडं बघितलं. “मला काय म्हाईत? सकाळी येऊन बघतोय तर दोनी खाली. झाडून घेतल्या. आनि बाजू कशाला पायजे तुला? तू त्या दिवशी काय इचारलंवतंस व्हय?”

मी सोमवारपासून गुरुवारपर्यंत बोटांवर मोजायला लागले. मग मोजायचं सोडून दिलं. पाणी सुकलं की कळी पडते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. आणि त्या गुरुवारी दार उघडं होतं, हेही माहीत आहे. ह्या दोन्हींत भांडण लावायची मला गरज वाटत नाही.

मामांनी ओल्या कळ्या हातात घेतल्या. “बोल, काय गाऱ्हाणं घालू?”

“मामा, आज मी घालते,” मी म्हटलं. “कौल नको.”

आईनं पदर सावरला. देवळात आणखी चार बायका होत्या, त्याही वळून बघायला लागल्या. मी पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “बा रवळनाथा, काही मागायला आले नाही. सगळं घेऊन आलेय. निम्मं मागं ठेवलं न्हाय.”

मागून सगळ्यात आधी आईचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”